नाडीवरून काढलेल्या कॅलरींवर किती भरवसा ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे वय ५२, वजन ८२ किलो, नोकरी बैठ्या कामाची. रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर ते रोज सकाळी तासभर, साधारण सहा किलोमीटर भरभर चालतात. मनगटावरचे घड्याळ सरासरी नाडी १२२ आणि ६१० कॅलरी दाखवते. व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर त्याच वेगाने तेवढाच वेळ चालल्यावर ३८० कॅलरी येतात. आहाराच्या अ‍ॅपने रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खायला सांगितले आहे. मात्र घड्याळातल्या व्यायामाच्या कॅलरी ते अ‍ॅप रोजच्या हिशेबात परत मिळवून देते आणि तेवढे ते खातात. दोन महिन्यांत वजन जेमतेम किलोभर उतरले आहे. खरा आकडा कोणता, आणि छातीचा पट्टा विकत घेतला तर अचूक कॅलरी कळतील का, असे त्यांनी विचारले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयविकारातून सावरणाऱ्या आणि वजन किंवा साखर आटोक्यात आणू पाहणाऱ्या लोकांचा व्यायाम आखून देणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. दोन आकड्यांपैकी खरा कोणता, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते तुमची अडचण त्याच्या पुढची आहे. घड्याळाने अंदाजाने काढलेल्या कॅलरी तुम्ही मोजलेल्या समजता, त्या भरवशावर तेवढे जास्त जेवता, आणि त्या अंदाजात चूक किती असू शकते हे ना घड्याळ सांगते ना अ‍ॅप.

आधी घड्याळाला नेमके काय कळते ते पाहू. व्यायामात खर्च होणारी ऊर्जा खरोखर मोजायची असेल तर नाकातोंडावर मुखवटा बसवून शरीराने किती प्राणवायू वापरला हे मोजावे लागते. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की साधारण पाच किलोकॅलरी (घड्याळ आणि अ‍ॅप यांनाच नुसत्या ‘कॅलरी’ म्हणतात) खर्च झाल्या असे धरतात. चरबी जास्त जळत असेल तर हा आकडा ४.७ च्या आसपास असतो आणि पिष्टमय पदार्थ जळत असतील तर पाचाच्या किंचित वर. घड्याळाजवळ मुखवटा नाही. त्याच्याजवळ आहेत फक्त तुमच्या नाडीचे ठोके आणि तुम्ही भरलेले वय, वजन, उंची व लिंग. त्यावरून ते प्राणवायूचा अंदाज बांधते आणि प्राणवायूवरून कॅलरींचा.

हा अंदाज अगदीच निराधार नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेले तत्त्व असे आहे की शरीराने मिनिटाला वापरलेला प्राणवायू म्हणजे हृदयाने त्या मिनिटात पुढे ढकललेले रक्त गुणिले धमनीतल्या आणि शिरेतल्या रक्तातील प्राणवायूचा फरक. हृदयाने ढकललेले रक्त म्हणजे पुन्हा ठोक्यांची संख्या गुणिले दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त. म्हणजे गुणाकारात राशी तीन आहेत आणि घड्याळाला त्यांतली एकच ठाऊक आहे. मध्यम ते जोरकस व्यायामात, साधारण १०० ते १५० ठोक्यांच्या टप्प्यात, एक ताल धरून चालताना, पळताना किंवा सायकल चालवताना उरलेल्या दोन राशी बऱ्यापैकी शिस्तीत वागतात, म्हणून नाडी आणि प्राणवायू यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत जातो. पण ती रेषा प्रत्येकाची वेगळी असते आणि एकाच माणसाचीही ऋतूप्रमाणे, औषधांप्रमाणे, सरावाप्रमाणे सरकत राहते. घड्याळ मात्र सगळ्यांना सरासरी रेषा लावते.

सरासरी रेषा म्हणजे काय, हे तुमच्याच आकड्यांवर दाखवते. घड्याळे बनवणाऱ्या कंपन्या आपली सूत्रे उघड करत नाहीत, पण २००५ साली केटेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले एक सूत्र सर्वांना उपलब्ध आहे आणि इंटरनेटवरची कित्येक कॅलरी-गणकयंत्रे तेच वापरतात. पुरुषांसाठी ते असे आहे: नाडीला ०.६३०९ ने गुणा, वजनाला ०.१९८८ ने, वयाला ०.२०१७ ने, तिन्हींची बेरीज करून त्यातून ५५.०९६९ वजा करा. जे येईल ते मिनिटाला इतके किलोज्यूल, आणि त्याला ४.१८४ ने भागले की किलोकॅलरी. नाडी १२२, वजन ८२ आणि वय ५२ घातले तर मिनिटाला ११.६, म्हणजे तासाला जवळपास ७०० किलोकॅलरी येतात. तुमचे घड्याळ ६१० सांगते, म्हणजे ते काहीतरी दुरुस्ती करत असावे. तरी दोघांचा रोख एकच आहे.

आता त्याच चालण्याकडे नाडी बाजूला ठेवून पाहू. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या समीकरणाप्रमाणे सपाट, टणक जमिनीवर मिनिटाला १०० मीटर, म्हणजे तासाला सहा किलोमीटर चालणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला १३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो. ८२ किलोंना तो १.१ लिटर होतो, म्हणजे मिनिटाला साडेपाच आणि तासाला ३३० किलोकॅलरी. इतक्या भरभर चालण्याला हे समीकरण थोडे कमी भरते, म्हणून मी ३३० ते ३७० धरेन. तुमच्या ट्रेडमिलचा ३८० हा आकडा याच्या जवळ आहे. नाडीच्या सूत्राने त्याच चालण्याचे जवळजवळ दुप्पट उत्तर दिले.

दुप्पट का, याचे एक कारण सूत्राच्या जन्मातच आहे. ते नियमित व्यायाम करणाऱ्या, १८ ते ४५ वयाच्या ११५ जणांवर बेतलेले आहे. सरावाच्या माणसाचे हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलते, म्हणून १२२ ठोक्यांत त्याचे बरेच काम होऊन जाते. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाचे १२२ ठोके त्याहून कितीतरी हलक्या कामात होतात. सूत्र तुम्हाला पहिल्या गटात धरते. त्याच सूत्राच्या स्त्रियांसाठीच्या आवृत्तीत वजनापुढे उणे चिन्ह आहे. म्हणजे वय आणि नाडी सारखी असलेल्या दोघींपैकी जास्त वजनाच्या बाईच्या कॅलरी कमी निघतात. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांना हे उलटे वाटते. पण सूत्र वजन वाहण्याचे कष्ट मोजत नाही. जास्त वजनाच्या व्यक्तीची नाडी हलक्या कामातच चढते, ही गटात दिसलेली प्रवृत्ती ते आकड्यांत पकडते. गटाविषयी ते ठीक आहे. एका माणसाविषयी त्यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

बाजारातल्या घड्याळांची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने २०१७ साली सात मनगटी उपकरणे ६० स्वयंसेवकांवर पडताळली. सातपैकी सहा उपकरणांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. त्यानंतर घड्याळे सुधारली आहेत, यात शंका नाही. पण ठोके बरोबर आणि कॅलरी चूक, हे चित्र मला आजही रोजच्या कामात दिसते, कारण ठोक्यांपासून कॅलरींपर्यंतची वाट सेन्सर सुधारल्याने छोटी होत नाही.

येथवरचे विवेचन कोणत्याही गावाला लागू पडेल. आपल्या किनारपट्टीवर त्यात दोन गोष्टींची भर पडते आणि तुमच्या बाबतीत त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट उकाड्याची. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळता ओघळून गेलेला घाम अंग थंड करत नाही. मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवते, घामावाटे रक्तातले पाणी कमी होते, दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते आणि ती तूट भरून काढायला हृदय ठोके वाढवते. स्नायूंचे काम तेवढेच असते. फिकच्या गुणाकारात एक राशी घटली म्हणून दुसरी वाढली, प्राणवायू जवळपास तोच राहिला. पण घड्याळाला वाढलेली राशी तेवढी दिसते. वरच्या सूत्रात पुरुषाच्या दर ठोक्याला तासाला नऊ किलोकॅलरी पडतात. चैत्र-वैशाखात मतलई वारा पडल्यावर आणि खारा वारा सुटण्याआधी जो एक कोंदट तास-दीड तास असतो, त्यात नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चढते. उकाड्याने चढलेले बारा ठोके म्हणजे तासाला १०८ कॅलरी, आणि त्या तुमच्या पायांनी खर्च केलेल्याच नसतात.

हे तुमच्याच घड्याळात पाहता येते. फेरी संपल्यावर नाडीचा आलेख उघडा आणि दहाव्या मिनिटाची नाडी पन्नासाव्या मिनिटाच्या नाडीशी ताडून पाहा. दोन्ही वेळी वेग सारखा असेल आणि वाळूही सारखी असेल, तरी नाडी ११० वरून १२५ वर गेली असेल, तर त्या फरकाचा मोठा भाग उकाड्याचा आणि पाणी कमी पडल्याचा आहे. हीच फेरी डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात केलीत की आलेख बराच आडवा झालेला दिसेल. माझ्याकडे नियमित येणारे काही जण उन्हाळ्यात ‘हल्ली माझ्या जास्त कॅलरी जळतात’ असे आनंदाने सांगतात, तेव्हा मी त्यांना हे दोन आलेख शेजारी ठेवून दाखवते. उन्हाळ्यात चढलेली नाडी ही हृदयावरचा भार खरोखर वाढल्याची खूण आहे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये; वेग कमी करावा, पाणी प्यावे, जमल्यास आणखी लवकर निघावे. त्या खुणेचे रूपांतर जादा घासात करू नये, एवढेच.

दुसरी गोष्ट वाळूची, आणि इथे बाजू उलटते. मऊ, कोरड्या वाळूत पाय रुततो आणि लावलेला जोर वाळू सरकवण्यात जातो. टणक जमिनीशी तुलना केली तर अशा वाळूत चालायला दुपटीहून जास्त, २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, आणि पळायला साधारण १.६ पट, असे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. ही वाढ खरी आहे, स्नायूंची आहे, आणि अंतरावर आधारलेल्या समीकरणाला किंवा पावले मोजणाऱ्या अ‍ॅपला तिचा पत्ता लागत नाही, नाडीला लागतो. त्यामुळे तुमच्या ६१० पैकी थोडा भाग खरोखर वाळूचा असू शकतो. किती, हे तुम्ही किनाऱ्याच्या कोणत्या पट्ट्यातून चालता यावर अवलंबून आहे. ओहोटीला उघडी पडलेली ओली पुळण रस्त्यासारखी घट्ट असते आणि तिच्यावर सहा किलोमीटरचा वेग राखता येतो. सुरूच्या बनाच्या बाजूच्या कोरड्या वाळूत हा वेग तासभर टिकवणे अवघड आहे. तुम्ही टिकवता, यावरून तुमची बरीच फेरी ओल्या पुळणीवर होत असावी असे मला वाटते.

यातून आणखी एक गुंता होतो. तुम्ही रोज घड्याळाच्या एकाच वेळेला निघता, पण भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते आणि रुंद, घट्ट पुळण मिळते. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळेला भरती असते आणि चालणारा वरच्या भुसभुशीत वाळूत ढकलला जातो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेलच. म्हणून आठवड्यापूर्वीची नाडी आणि आजची नाडी यांची तुलना करताना तिथीही पाहावी. एरवी ‘या आठवड्यात माझा दम कमी झाला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सरळ तुलना हवी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा डांबरी रस्त्यावर ठरलेल्या अंतराची फेरी करणे उत्तम.

नाडी ज्या इतर कारणांनी फसवते ती भराभर सांगते. हातांनी जोर लावून धरण्याच्या कामात, म्हणजे वजने उचलताना, किंवा मालवणच्या बाजूला रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढताना, स्नायू आवळले गेल्यामुळे रक्तदाब आणि नाडी दोन्ही चढतात, पण त्या प्रमाणात प्राणवायू वापरला जात नाही. अशा व्यायामाचा नाडीवरून काढलेला आकडा मी विचारातच घेत नाही. अपुरी झोप, कडक चहा, ताप, मनावरचा ताण यांनीही ठोके वाढतात. पाण्यात उभे राहिले किंवा पोहले की पाण्याच्या दाबाने रक्त हृदयाकडे परतते आणि त्याच श्रमाला नाडी कमी दिसते. सायकलवर शक्तिमापक लावलेला असेल तर मात्र नाडीची गरजच उरत नाही: शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच पायडलपर्यंत पोहोचवते, आणि एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल, त्यामुळे मापकावर जितके किलोज्यूल दिसतात तितक्याच साधारण किलोकॅलरी खर्च झालेल्या असतात. सागरी महामार्गाच्या चढउतारांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी माझ्या माहितीतला हा सर्वांत भरवशाचा आकडा आहे.

औषधांचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तुमच्या वयात रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असणे अगदी सामान्य आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधे नाडी फारशी चढू देत नाहीत. माझ्याकडचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी रोज बरोबर चालतात, बरोबरीने थांबतात. शिक्षकांचे घड्याळ पत्नीच्या घड्याळाच्या जेमतेम निम्म्या कॅलरी दाखवत असे, आणि आपण पुरेसे चालत नाही असे समजून ते वेग वाढवू लागले होते. त्यांचे वजन पत्नीपेक्षा जास्त, म्हणजे खर्चही जास्तच होणार. घड्याळाला फक्त गोळीने दाबून ठेवलेली नाडी दिसत होती. अशा व्यक्तींनी कॅलरींचा आकडा पाहू नये, नाडीचे टप्पेही घड्याळाने ठरवलेले वापरू नयेत. चालताना सलग वाक्य बोलता येते का, यावरून श्रम जोखावेत आणि नाडीची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ज्यांची नाडी मुळातच अनियमित आहे त्यांनाही हेच लागू आहे.

‘कमाल नाडी म्हणजे २२० वजा वय’ हे गणितही घड्याळे सर्रास वापरतात. तुमच्या वयाला त्याने १६८ येतात, आणि २००१ साली तानाका व सहकाऱ्यांनी सुचवलेल्या ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ या सूत्राने सुमारे १७२. दोन्ही सरासऱ्याच आहेत. प्रत्यक्ष माणसाची कमाल नाडी त्याहून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणे नेहमीचे आहे.

आता छातीच्या पट्ट्याविषयी. मनगटावरचे घड्याळ कातडीत हिरवा प्रकाश सोडून रक्ताच्या लाटांबरोबर बदलणारे त्याचे परावर्तन वाचते. पट्टा ईसीजीप्रमाणे हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. हात हलतात, घड्याळ सैल असते, त्याच्याखाली घाम, बारीक रेती किंवा मलम साचते, तेव्हा प्रकाशाचे वाचन बिघडते आणि कधीकधी घड्याळ नाडीऐवजी हाताच्या हेलकाव्यांचा ताल पकडते. तुमच्या आकड्यात मला ही शंका आहे. तासाला सहा किलोमीटर चालताना बहुतेकांची पावले मिनिटाला १२० ते १३० पडतात, आणि तुमची सरासरी नाडी नेमकी १२२ आहे. योगायोगही असेल, पण तपासायला काहीच खर्च नाही. चालता चालता थांबा, लगेच अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा, पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. पूर्ण मिनिट मोजत बसू नका, कारण थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते. थांबताक्षणी घड्याळावर कोणता आकडा होता तो लक्षात ठेवा. तीन-चार सकाळी असे केल्यावर दोन्ही आकड्यांत सातत्याने आठ-दहा ठोक्यांहून जास्त फरक येत असेल तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, थोडे घट्ट बांधा, कातडी पुसून घ्या आणि पुन्हा तपासा.

पट्टा ही अडचण जवळपास पूर्ण सोडवतो, पट्ट्याची आतली बाजू ओली करून तो बांधला तर. जे वेगाचे टप्पे बदलत पळतात, किंवा ज्यांना डॉक्टरांनी ठराविक नाडीच्या आत राहायला सांगितले आहे, त्यांना मी तो घ्यायला सांगते. तुम्ही तो कॅलरींसाठी घेणार असाल तर घेऊ नका. पट्ट्याने ठोके अचूक मिळतील, पण त्यांवर तीच सरासरी रेषा लावली जाईल आणि वैशाखातले बारा जादा ठोके आणखी अचूकपणे १०८ कॅलरींमध्ये बदलले जातील. होडीच्या यंत्राच्या आवाजावरून त्याच्यावर भार किती पडतो आहे हे जाणत्याला कळते, पण टाकीतले डिझेल किती संपले हे त्यावरून नेमके सांगता येत नाही, मग कान कितीही तयार असोत. नाडीचेही तसेच आहे.

राहिला तुमच्या वजनाचा हिशेब. घड्याळ जो आकडा दाखवते त्यात बहुधा तुम्ही त्या तासात नुसते बसून राहिला असता तरी खर्च झाल्या असत्या अशा कॅलरीही धरलेल्या असतात. विश्रांतीचा खर्च दर किलोमागे तासाला सुमारे एक किलोकॅलरी, म्हणजे तुमच्या बाबतीत ८० ते ८५. अ‍ॅपने ठरवलेल्या रोजच्या गरजेत त्या आधीच मोजलेल्या आहेत, त्यामुळे त्या दोनदा धरल्या जातात. ३३० ते ३७० मधून त्या वजा केल्या की घट्ट पुळणीवरच्या चालण्याने तुमच्या खर्चात पडणारी खरी भर साधारण २५० ते २८० किलोकॅलरी निघते, २६० धरू. तुम्ही परत खाता ६१०. म्हणजे रोज ३५० कॅलरी जास्त, आणि अ‍ॅपने आखून दिलेल्या ५०० च्या तुटीपैकी उरल्या १५०. साठ दिवसांच्या ९,००० झाल्या. एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० किलोकॅलरी धरतात, म्हणजे वजन किलोच्या थोडे वर उतरायला हवे, आणि तुमचे किलोभर उतरले आहे. हा हिशेब इतका नेटका जुळतो याला मी फार महत्त्व देत नाही, कारण खाल्लेल्याची नोंद ठेवतानाही भरपूर चुका होतात. तेलाचा एक चमचा, घावनाबरोबरचा नारळाचा रस, आंब्याच्या दिवसांत जेवणानंतरचा आमरस या गोष्टी नोंदीतून सहज सुटतात. पण दोन महिने रोज चालूनही काटा फारसा का हलला नाही, याचे उत्तर तुमच्या शरीरात काही बिघाड आहे असे नसून या हिशेबात आहे, याची मला बऱ्यापैकी खात्री वाटते, आणि म्हणून निराश होऊन चालणे सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्याकडच्या लोकांना मी जे करायला लावते ते असे. अ‍ॅपमध्ये व्यायामाच्या कॅलरी आपोआप जोडण्याची सोय बंद करून टाकायची. चालण्याबद्दल जादा खायचेच नाही, किंवा फारच भूक लागत असेल तर अंतरावरून काढलेल्या निव्वळ खर्चाच्या निम्मे, तुमच्या बाबतीत सव्वाशेच्या आसपास, खायचे. वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करायचे, पण विचारात घ्यायची ती आठवड्याची सरासरी. आपल्या हवेत तासाभरात अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, म्हणून चालून आल्यावर लगेच केलेल्या वजनाला काही अर्थ नसतो. तीन-चार आठवड्यांत सरासरी अपेक्षेप्रमाणे उतरली नाही तर रोजच्या आहारातून दीडशे-दोनशे कॅलरी आणखी कमी करायच्या. तुमचा खर्च किती, याचे उत्तर अशा रीतीने वजनकाटाच देतो, आणि त्यात उकाडा, वाळू, गोळ्या, वय हे सगळे आपोआप धरले जाते.

नाडीचा उपयोग मी दुसऱ्या कामासाठी करते. तीच डांबरी फेरी, तोच वेग, शक्य तो तशीच हवा, आणि नाडी आठवड्यागणिक उतरत गेली की हृदय सुधारत आहे. इथे एका गोष्टीची आधीच कल्पना देते: सराव वाढला की ठोके कमी होतात आणि घड्याळ त्याच फेरीच्या कॅलरी कमी दाखवू लागते. काही जण यामुळे खट्टू होतात आणि आकडा पूर्ववत करण्यासाठी स्वतःला दमवतात. वजन तेच, अंतर तेच, तर ऊर्जाही जवळपास तेवढीच लागते. कमी झाले आहेत ते हृदयाचे कष्ट, आणि त्यासाठीच तर आपण चालतो.

मुखवटा लावून प्रत्यक्ष प्राणवायू मोजण्याची चाचणी मोठ्या शहरांतल्या क्रीडावैद्यक केंद्रांत होते. तुमच्यासाठी तिची गरज मला दिसत नाही. त्याऐवजी, चालताना छातीत दडपण, अनाठायी धाप किंवा चक्कर असे काही कधी झाले असेल, किंवा मधुमेह वा रक्तदाब असेल, तर वेग वाढवण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. चार आठवड्यांनी आठवड्याच्या सरासरी वजनाचे चार आकडे, बोटांनी मोजलेली नाडी, तेव्हा घड्याळाने दाखवलेली नाडी, चालू असलेल्या औषधांची नावे आणि कोरड्या वाळूत फेरीचा कितवा हिस्सा होतो ते इथेच लिहा. त्यावरून आहारात किती बदल करायचा ते सांगता येईल.